गिनी ०.२८ आला, म्हणून नागपुरात विषमता कमी आहे का?

विचारणारा मुलगा एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी त्यानं नागपूर शहराच्या चार प्रभागांत २४० घरांचा महिन्याचा खर्च विचारला. गिनी गुणांक (विषमतेचं माप: शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाकडेच) ०.२८ आला. गाईडनी सांगितलं, “नागपूर शहरात विषमता कमी आहे, असं लिहून टाक.” याच्या मनात खुटखुट अशी, की एक बातमी म्हणते भारत जगातल्या सर्वांत समान देशांत चौथा, आणि दुसरी म्हणते देशाचं २२.६ टक्के उत्पन्न वरच्या एक टक्का लोकांकडे जातं. दोन्ही खऱ्या कशा असतील, आणि आपण कोणतं मोजमाप वापरावं, हा त्याचा प्रश्न.

मी तीस वर्षं नमुना सर्वेक्षणात काढली. अर्धी दारोदार फिरण्यात, अर्धी तक्ते जुळवण्यात. त्यामुळे आधी सरळ सांगतो: तुमचा ०.२८ चुकलेला नाही, गाईडनी सुचवलेलं वाक्य चुकलेलं आहे. तुमचा आकडा खर्चातल्या विषमतेचा आहे, तोही ज्या घरांनी दार उघडलं त्यांच्यापुरता. उत्पन्नाबद्दल तो काही सांगत नाही. गिनी वापरू की थील की पाल्मा अशी दुसरी मापं, ही चिंता तिसऱ्या नंबरची. विद्यार्थी मात्र सूत्रावर महिना घालवतात आणि काय मोजलं, कुणाचं मोजलं या पहिल्या दोन गोष्टी एका ओळीत उरकतात.

मानेवाडा रोडच्या मागची एक कल्पित गल्ली घ्या. दहा घरं. महिन्याची कमाई हजार रुपयांत, कमीकडून जास्तीकडे: धुणीभांडी करणारी एकटी बाई ८, चौकीदार १०, ई-रिक्षावाला १२, गांधीबागेत कापडाच्या दुकानातला नोकर १४, शिलाईकाम करणारं जोडपं १६, पानठेलेवाला २०, खाजगी दवाखान्यातली नर्स २५, हिंगणा एमआयडीसीतला फिटर ३०, शिक्षक ४५, आणि कोपऱ्यावरच्या दुमजली घरातले दातांचे डॉक्टर १२०. एकूण ३००, म्हणजे सरासरी ३० हजार. दहापैकी सात घरं सरासरीच्या खाली, एक नेमकं सरासरीवर. गल्लीतल्या कुणालाही विचारा, “इथं घरटी तीस हजार येतात” हे त्याला पटणार नाही. मधल्या दोन घरांचा मध्य काढला तर १८ येतो, तो पटेल.

आता गिनी हातानं काढू, कारण एकदा हातानं काढला की त्याची भीती जाते. प्रत्येक घराला क्रमांक द्या, सर्वांत गरीब १, सर्वांत श्रीमंत १०. क्रमांक गुणिले कमाई करून बेरीज घ्या: ८ अधिक २० अधिक ३६ अधिक ५६, असं करत डॉक्टरांचे १२०० धरून २३४० होतात. त्याची दुप्पट ४६८०. तिला घरांची संख्या गुणिले एकूण कमाई, म्हणजे ३००० नं भागा: १.५६. त्यातून अकरा भागिले दहा, म्हणजे १.१ वजा करा. उरले ०.४६. हाच तुमचा गिनी. सगळ्यांची कमाई सारखी असती तर शून्य आला असता.

यामागे चित्र आहे ते लॉरेंझच्या वक्राचं. अमेरिकेतल्या मॅक्स लॉरेंझनं १९०५ मध्ये मांडलं, की लोकांना गरिबाकडून श्रीमंताकडे ओळीनं उभं करा आणि पहिल्या इतक्या टक्क्यांकडे किती टक्के उत्पन्न जातं ते रेषेवर काढत जा. आपल्या गल्लीत खालच्या निम्म्या घरांकडे २० टक्के, आणि एकट्या वरच्या घराकडे ४० टक्के. पूर्ण समानतेची तिरकी सरळ रेषा आणि हा खाली लोंबणारा वक्र यांच्यामध्ये किती जागा आहे, ते इटलीच्या कोर्राडो गिनीनं १९१२ मध्ये एका आकड्यात बसवलं. (इटालियन उच्चार ‘जीनी’ असा आहे, पण आपल्याकडे गिनी रुळलं. सोन्याच्या गिनीशी संबंध नाही.)

इथवर सगळं पुस्तकातलं. आता गल्लीत सर्वेक्षणाला जाऊ.

नऊ घरांनी माहिती दिली. दहाव्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी, आतून कामवाली सांगते, “साहेब दवाखान्यात आहेत, मॅडम झोपल्या आहेत.” तीन चकरा झाल्या, चौथ्यांदा इंटरकॉमवरून नाही म्हणाले. नऊ घरांवर गिनी काढा: बेरीज ११४०, दुप्पट २२८०, भागिले १६२०, वजा दहा भागिले नऊ. येतो ०.३०. दहापैकी एक दार उघडलं नाही आणि ०.४६ चा ०.३० झाला. सूत्र तेच, हिशोबात चूक नाही.

आता दुसरी बाजू. कमाई विचारायची सोय नाही म्हणून तुम्ही खर्च विचारला. त्याच दहा घरांचा खर्च, त्याच क्रमानं: ९, ११, १२, १३, १४, १७, २०, २२, ३०, ५२. खालची दोन घरं कमाईपेक्षा जास्त खर्च करतात, किराण्याची उधारी आणि बचतगटाचं कर्ज. तिसऱ्याची तोंडमिळवणी होते. वर जावं तसं घर वाचवत जातं, आणि डॉक्टरांचे १२० पैकी ६८ हजार फ्लॅटचा हप्ता, एसआयपी आणि मुलाच्या शिक्षणाच्या ठेवीत जातात. ते ‘खर्चा’त येतच नाहीत. या दहा आकड्यांवर गिनी ०.३०. आणि डॉक्टरांचं दार बंद धरून उरलेल्या नऊ घरांच्या खर्चावर? ०.२१.

तीच गल्ली, तोच महिना, तेच सूत्र. ०.४६, ०.३० आणि ०.२१. तुमचा ०.२८ यातल्या कोणत्या रांगेत बसतो ते आता तुम्हीच बघा.

दोन्ही बातम्यांचं कोडंही इथंच सुटतं. ‘चौथा सर्वांत समान देश’ ही बातमी जुलै २०२५ मध्ये सरकारी प्रसिद्धिपत्रकातून आली. त्यातला २५.५ हा जागतिक बँकेचा आकडा, २०२२-२३ सालचा, शून्य ते शंभर अशा मापावरचा. तो आपल्या घरगुती खर्च सर्वेक्षणावरून काढलेला आहे, म्हणजे खर्चाचा गिनी. त्या यादीत आपल्या वर असलेल्या स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनियाचे आकडे मात्र उत्पन्नाचे. वजन एकाचं किलोत आणि दुसऱ्याचं पौंडात घेऊन कोण हलका ते ठरवण्यासारखं आहे हे. बँकेच्या त्याच टिपणात पुढे म्हटलं होतं, की माहितीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असू शकते, आणि जागतिक विषमता माहितीकोशानुसार भारताचा उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला. मथळ्यापर्यंत हे वाक्य पोचलं नाही.

२२.६ टक्क्यांचा आकडा नितीन कुमार भारती, लुकास शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमांची यांच्या मार्च २०२४ च्या निबंधातला. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा २२.६ आणि संपत्तीतला ४०.१, असा त्यांचा अंदाज. हा कुठल्याही एका सर्वेक्षणातून आलेला नाही. खालच्या लोकांसाठी सर्वेक्षण, वरच्यांसाठी प्राप्तिकराची आकडेवारी, आणि एकूण बेरीज राष्ट्रीय उत्पन्नाशी जुळवलेली. म्हणजे डॉक्टरांचं बंद दार त्यांनी कर विवरणाच्या खिडकीतून उघडून पाहिलं. ते संपूर्ण दिसलं असं मी म्हणणार नाही. विवरण भरणारे मोजके, न भरणाऱ्यांच्या कमाईबद्दल बरीच गृहीतकं करावी लागतात, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं मोठ्या बागायतदाराची खरी कमाई तिथंही दिसत नाही. टीकाकार या गृहीतकांवरच बोट ठेवतात आणि ते रास्तही आहे. पण ‘अंदाज आहे म्हणून खोटा’ आणि ‘सर्वेक्षण आहे म्हणून खरा’ असा न्याय लावू नका. वरच्या टोकाबाबत सर्वेक्षण गप्प बसतं, आणि गप्प बसणं हेही एक गृहीतकच असतं.

गंमत अशी, की या दोन्ही खिडक्यांचा पत्ता नागपूरच आहे. नमुना सर्वेक्षणाची माहिती तपासून तक्ते करणारी केंद्रं देशात मोजकी, त्यातलं एक इथलं. आणि छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरातले आयकर अधिकारी घडतात. एकाच शहरात कुणी घरोघरी साखर किती लागते ते मोजतो, आणि कुणी विवरणात न दाखवलेली कमाई कशी शोधायची ते शिकतो. दोघांच्या वह्या एकमेकांना भेटत नाहीत.

सरकार थेट कमाईच का विचारत नाही, असं पोरं हटकून विचारतात. विचारून झालंय. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकारानं सुरू झालं. साठच्या दशकातल्या १९ व्या आणि २४ व्या फेरीत कमाईचे प्रश्न घातले गेले. हाती काय आलं? लोकांनी सांगितलेली कमाई त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी. १९८३-८४ मध्ये पुन्हा प्रायोगिक सर्वेक्षण झालं, पण पुढे ते रुळलं नाही. देशाचं पहिलं स्वतंत्र कुटुंब उत्पन्न सर्वेक्षण २०२६ मध्ये घेण्याचं सांख्यिकी मंत्रालयानं २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे पंचाहत्तर वर्षं आपण खर्चावरच गुजराण केली. मधल्या काळात एनसीएईआर ही दिल्लीतली संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये एकाच सर्वेक्षणात कमाई आणि खर्च दोन्ही विचारले. तिथं कमाईचा गिनी ०.५ च्या वर निघाला. तुमच्या प्रबंधाला तो संदर्भ उपयोगी पडेल.

लोक खोटं बोलतात म्हणून कमाई कमी येते, असा समज आहे. काही बोलतातही. पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घोळ शब्दाच्या अर्थाचा असतो.

इतवारीतला एक पानठेला मला अजून आठवतो. मी विचारलं, महिन्याला किती कमावता? त्यानं चुना लावता लावता मान वर न करता सांगितलं, “दहा-बारा हजार पकडा.” मी लिहिलं १२. मग खर्चाचे प्रश्न सुरू झाले. खोलीभाडं ४ हजार, किराणा-भाजी-दूध ८, पोरीची फी अडीच, गॅस-वीज-मोबाइल अडीच, आईची औषधं दीड, इकडचं तिकडचं दीड. झाले वीस. मी म्हणालो, “भाऊ, बारा येतात आणि वीस जातात, मग आठ कुठून आणता?” तो हसायला लागला. “साहेब, बारा म्हणजे तुम्हाले काय वाटलं? खोलीभाडं अन् किराण्याले घरी जे देतो ना, ते सांगितलं मी.”

मग आम्ही गल्ल्यापासून सुरुवात केली. दिवसाचा गल्ला साधारण अडीच-तीन हजार, २८०० धरला. पान, सुपारी, तंबाखू, सिगारेट, खर्रा घोटायचं सामान यात १९०० जातात. उरले ९००. महिन्यात दोन दिवस ठेला बंद. अठ्ठावीस नव्वे, पंचवीस हजार दोनशे. जागेचं भाडं आणि लाइटबिल दोन हजार वजा. तेवीस हजार. वर पोरीसाठी रोज पाच-दहाचं चॉकलेट गल्ल्यातून जातं, ते हिशोबात नाहीच. आता वीस खर्च आणि तीन बचत, दोन्ही बाजू जुळल्या. पण पहिल्या उत्तरावर फॉर्म मिटला असता तर हा माणूस १२ हजारांचा म्हणून नोंदला गेला असता, आणि शेजारचा तितकीच कमाई असलेला पगारदार तेवीसचा म्हणून. दोघांमध्ये नसलेली विषमता आमच्या कागदावर उभी राहिली असती. म्हणजे वरचं बंद दार गिनी खाली ओढतं, आणि ठेलेवाल्याचं अपुरं उत्तर तो वर ढकलतं. दोन चुका एकमेकींना कापतील अशा भरवशावर राहू नका.

म्हणून तुमच्या फॉर्मवर ‘उत्पन्न’ हा शब्दच नको. नोकरदाराला हातात येणारा पगार आणि कपाती विचारा, दुकानदाराला गल्ला आणि माल, शेतकऱ्याला पीकवार विक्री आणि लागवडीचा खर्च. आणि किती काळाचं, ते दर वेळी मोठ्यानं विचारा. एका फेरीत आमच्या एका तक्त्यात वर्षाची कमाई महिन्याच्या रकान्यात पडली होती. एकच घर. पण त्याला मिळालेला गुणक मोठा होता, म्हणजे नमुन्यातलं ते घर हजारो घरांचा प्रतिनिधी होतं, आणि त्या गटाचा गिनी एकदम आकाशाला भिडला. दोन दिवस आम्ही त्यावर कारणमीमांसा करत बसलो, शेवटी कारण निघालं ते एक रकाना.

शेतकऱ्यांचा विषय निघालाच आहे तर विदर्भातली एक खास अडचण सांगतो. काटोल-नरखेडकडे संत्र्याची फळगळ झाली, किंवा कापसाला पाऊस चुकला, तर वर्षाची निव्वळ कमाई शून्याच्या खाली जाते. तीन शेतकरी घ्या: एकाला ६० हजारांचा तोटा, दुसऱ्याला ४० हजार, तिसऱ्याला दोन लाख. गिनीच्या सूत्रात घाला, ०.९६ येतो. तीन घरांत गिनी फार तर ०.६७ पर्यंत जाऊ शकतो, कारण सगळं उत्पन्न एकाच घराकडे असलं तरी घरांची संख्या वजा एक भागिले घरांची संख्या एवढाच तो येतो. उणे आकडा आला की सूत्राची ही चौकट मोडते. पुष्कळ जण अशी घरं गुपचूप गाळतात किंवा तोट्याच्या जागी शून्य टाकतात. दोन्हीपेक्षा दोन-तीन हंगामांची सरासरी घेणं बरं. तुमचे चार प्रभाग शहरातले आहेत, तरी दिघोरी-वाठोड्याकडे अजून शेती सांभाळणारी घरं लागतील. शेती करणाऱ्यांसाठी खर्च हा कमाईपेक्षा स्थिर आरसा आहे हेही कबूल करायला हवं. खर्च मोजणं मूर्खपणाचं नाही. खर्चाला कमाईचं नाव देणं चुकीचं आहे.

आता मोजमापं, थोडक्यात.

गिनीचं पहिलं वैगुण्य: वेगळ्या आकाराच्या विषमता तो एकाच आकड्यात गुंडाळतो. चार घरांच्या एका वाड्यात कमाई १०, १०, ३०, ३०. दुसऱ्यात १०, १०, १०, ३०. दोन्हींचा गिनी ०.२५. पहिल्यात घरं दोन फळ्यांत विभागलेली, दुसऱ्यात तीन सारखी आणि एक वरचढ. राहायला गेलात तर दोन्ही वाडे अगदी निराळे वाटतील.

दुसरं जरा खोल आहे. आपल्या गल्लीत नऊ नंबरच्या शिक्षकानं सहा नंबरच्या ठेलेवाल्याला दोन हजार दिले, तर गिनी ०.००४ नं उतरतो. चार नंबरच्या दुकानातल्या नोकरानं एक नंबरच्या बाईला दोन हजार दिले तरी तेवढाच, ०.००४. करून बघा. गिनीला दोन घरांच्या क्रमांकांतलं अंतर कळतं, आठ हजारांत महिना काढणाऱ्या बाईला दोन हजार म्हणजे काय ते कळत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ अँथनी अॅटकिन्सन यांनी १९७० मध्ये सुचवलेल्या निर्देशांकात ही किंमत तुम्ही स्वतः ठरवून घालता. तळाला जास्त महत्त्व द्यायचं तर तसं उघडपणे सांगता. मला तो प्रामाणिक वाटतो, पण व्हायव्हात समजावताना दमछाक होते.

पाल्मा गुणोत्तर मात्र चहाच्या टपरीवरही समजतं. वरच्या १० टक्क्यांचं उत्पन्न भागिले खालच्या ४० टक्क्यांचं. चिलीचे अर्थशास्त्रज्ञ होसे गाब्रिएल पाल्मा यांच्या लक्षात आलं, की मधले ५० टक्के लोक बहुतेक देशांत साधारण निम्मं उत्पन्न घेऊन जातात. ओढाताण असते ती दोन टोकांत. आपल्या गल्लीत १२० भागिले ४४, म्हणजे २.७. मधल्या पाच घरांकडे ४५ टक्के. पाल्माची अडचण अशी की डॉक्टरांचं दार बंद राहिलं तर तो गिनीपेक्षाही जास्त फसवतो, कारण त्याचा अंश म्हणजेच डॉक्टर.

थील निर्देशांक (हेन्री थील, १९६७) तुम्हाला एकाच कामासाठी हवा, पण ते काम गिनी किंवा पाल्मानं नीट होत नाही: एकूण विषमतेतली किती चार प्रभागांच्या आपापसातली आणि किती प्रत्येक प्रभागाच्या आतली, हे तो बेरीज जुळेल अशा रीतीनं वेगळं करतो. हे विदर्भात राहणाऱ्यानं विशेष ध्यानात घ्यावं. १९५३ च्या नागपूर करारापासून १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापर्यंत आणि पुढेही आपण विषमता म्हटलं की अनुशेषच बोलतो. तो प्रदेशाप्रदेशातला फरक आहे, आणि खरा आहे. पण विदर्भाची सरासरी पश्चिम महाराष्ट्राच्या बरोबरीला आणली तरी नागपुरातल्याच सुखवस्तू धरमपेठ आणि कष्टकरी पाचपावली यांच्यातलं अंतर तसंच राहू शकतं. दरडोई जिल्हा उत्पन्नाच्या तक्त्याला विषमतेचं मोजमाप म्हणणारे प्रबंध मी तपासलेत. तसं लिहू नका.

घर मोजता की माणूस, हेही ठरवा. फिटरच्या ३० हजारांत सहा तोंडं असतील तर माणशी ५, आणि दुकानातल्या नोकराच्या १४ हजारांत नवरा-बायको दोघंच असतील तर माणशी ७. क्रमच उलटतो. सरकारी सर्वेक्षण माणशी खर्च घेतं, तुम्हीही तोच घ्या म्हणजे तुलना करता येईल.

तुलनेसाठी आकडे हे: २०२२-२३ च्या सर्वेक्षणात २,६१,७४६ घरं होती, माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ आणि शहरी भागात ६,४५९ रुपये, गिनी अनुक्रमे ०.२६६ आणि ०.३१४. २०२३-२४ मध्ये गिनी ०.२३७ आणि ०.२८४. २०११-१२ मध्ये तेच ०.२८३ आणि ०.३६३ होते. म्हणजे तुमचा ०.२८ माणशी खर्चावर काढलेला असेल, तर तो देशाच्या शहरी खर्चाच्या गिनीच्या अगदी शेजारी बसतो. त्यात नागपूर वेगळं दिसतंय असं काही नाही. २०११-१२ वरून उतार लागला असं लिहायचा मोह होईल. आवरा. मध्ये प्रश्नावली बदलली, एका भेटीऐवजी तीन भेटींत माहिती घेणं सुरू झालं, शहरात घरी चारचाकी आहे का आणि किती किमतीची यावरून घरांचे गट पाडून नमुना निवडला गेला. पट्टी बदलली की उंचीची तुलना जपूनच करावी लागते. २०१७-१८ च्या सर्वेक्षणाचा अहवाल तर सरकारनं प्रसिद्धच केला नाही, त्यामुळे मधली पायरी गायब आहे.

वरचं टोक हाताशी नसेल तर एक जुना आधार आहे, इटलीच्या पॅरेटो या अर्थशास्त्रज्ञाचा. श्रीमंतांच्या कमाईत एक नियमितपणा असतो: कोणतीही उंच रेषा घ्या, तिच्यावरच्या लोकांची सरासरी कमाई त्या रेषेच्या ठरावीक पट येते. पॅरेटोचा घातांक (वर जाताना श्रीमंतांची संख्या किती वेगानं घटते ते सांगणारा आकडा) २ असेल तर दुप्पट, दीड असेल तर तिप्पट. महिना एक लाखाच्या वरची चार घरं तुम्हाला मिळाली आणि त्यांची सरासरी सव्वा लाख असेल, तर समजा की त्यांच्या वरची घरं निसटलीत. २४० घरांवर यापुढे जाऊ नका, एवढ्याशा नमुन्यात वरच्या टोकाची ही शेपटी मोजता येत नाही.

तुमच्या हातात आता करण्याजोगं आहे ते असं. २४० पूर्ण करायला एकूण किती दारं वाजवली ते वहीतून काढा. नकार आणि कुलूप वेगळं लिहा, आणि बंद दारांपैकी किती घरांपुढे चारचाकी उभी होती हेही, आठवत असेल तर. बदली घर घेतलं असेल तिथं खूण करा, कारण बदली घर बहुधा दुपारी घरी सापडणाऱ्याचं असतं. मग मी गल्लीत केलं तसं करा: निसटलेल्या घरांच्या जागी तुमच्या नमुन्यातल्या वरच्या दहा टक्क्यांसारखी घरं घालून गिनी पुन्हा काढा, त्यांच्या दुप्पट खर्चाची घालून पुन्हा काढा. ०.२८ कुठवर सरकतो ते दिसेल. चूक-सीमा काढताना बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या उचलून आकडा किती हलतो ते बघणं) वापराल, तर घरं न उचलता वस्त्या अख्ख्या उचला. एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात, सुटी उचलली तर सीमा खोटी अरुंद येते. २४० पैकी निदान साठ घरांकडे पुन्हा जाऊन पानठेल्यासारखी कमाई विचारली, तर खर्चाचा आणि कमाईचा गिनी शेजारी शेजारी ठेवता येतील. महिना जाईल, पण प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण तेच होईल.

आणि गाईडना दाखवायचं वाक्य असं लिहा (माणशी काढल्यावर आकडा बदलला तर तो घाला): “नागपूर शहराच्या चार प्रभागांत माहिती देणाऱ्या २४० कुटुंबांच्या दरडोई मासिक खर्चाचा गिनी गुणांक ०.२८ आहे, उत्पन्नातली विषमता यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे.” त्याखाली, त्याच पानावर, वाजवलेल्या आणि न उघडलेल्या दारांचा प्रभागवार आकडा येऊ द्या. परिशिष्टात नको, तिथं कुणी जात नाही.